कलमतराश

चाकू विकत घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नात माझा सव्वा महिना गेला. ऐकणाऱ्याला हसू येईल. चाकू कुठल्या घरात नसतो? कांदा चिरायला, दुधाची पिशवी कापायला, बकरी ईदला गोश्ताचे वाटे करायला तो लागतोच. पण हा चाकू स्वयंपाकघरातला नव्हता. घडीचा, खिशात मावणारा आणि दिसायला जरा विचित्र असा होता. मला तो शिकवण्यासाठी हवा होता. घेणारी मी मुसलमान, शाळा उर्दू माध्यमाची, शिकणारी पोरं मुसलमानांची. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की साधी खरेदी साधी राहत नाही.

सगळं सुरू झालं पोरांच्या अक्षरापासून. मी सहावी-सातवीला उर्दू शिकवते. पोरं चुणचुणीत आहेत, वाचतात, बोलतात, शेरही पाठ करतात. पण वही उघडली की मन खट्टू होतं. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दोष त्यांचा नाही. बॉलपेन वर-खाली, आडवं-उभं सगळीकडे सारखीच रेघ ओढतो. नस्तालीकचा जीव तर जाड आणि बारीक रेघेत आहे. जीमचा दायरा बारीक सुरू होतो, पोटात जाड होतो आणि पुन्हा बारीक होत संपतो. अलिफ किती उंच असावा? तीन कत. म्हणजे कलमाच्या टोकाने एकावर एक ठेवलेले तीन नुक्ते. या लिपीत माप पट्टीने घेत नाहीत, कलमाच्या कापलेल्या टोकाने घेतात. कलमाला कत नसेल तर मापच नाही, आणि माप नसेल तर पोराला ‘नीट लिही’ म्हणण्यात अर्थ नाही.

हे मला बी.एड.ने शिकवलं नाही, नानांनी शिकवलं. नाना मुंबईत कातिब होते. 1981 साली लाहोरच्या छापखान्यात नूरी नस्तालीक हा यंत्राचा खत आला, 1994 साली ‘इनपेज’ आलं आणि नाना ज्या कामावर घर चालवत होते ते काम हळूहळू संपलं. मी त्यांना पाहिलं ते काम सुटल्यानंतरच. तरी सकाळी चहा झाला की ते खिडकीशी बसत आणि बरूचं कलम तासत. आधी तिरका उतार, मग दोन्ही बाजूंनी जीभ काढायची, मधे चीर द्यायची आणि शेवटी टोक एका हाडाच्या पट्टीवर ठेवून एकच दाब. ‘टक्’ असा आवाज आला की नाना मान हलवत. दोनदा दाबलं तर टोक झिरमिळ्यांचं होतं, शाई फुटते. नानांचा इंतेकाल झाल्यावर कलमं नातवंडांत वाटली गेली. ज्याने ती तासत तो कलमतराश कुणाकडे गेला ते कुणालाच सांगता येत नाही.

कलमतराश. शब्द किती स्वच्छ आहे पाहा. कलम तासणारा. या हत्याराचं काम त्याच्या नावातच सांगितलं आहे. इंग्रजांचंही तेच. आपण ज्याला पेननाइफ म्हणतो तो मुळात पिसाची लेखणी तासायचा चाकू. आणि मराठीत? मोडीच्या जमान्यात कारकून बोरूने लिहीत, बोरू तासायला चाकू जवळ ठेवत. ‘बोरूबहाद्दर’ हा शब्द आजही वर्तमानपत्रांत टोमणा म्हणून वापरला जातो. कलम, दौत, शाई, कागद, चाकू हे सारे शब्द फारसी, अरबी, तुर्कीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. मराठी दफ्तर आणि उर्दू दफ्तर यांच्या अक्षरांचा तोंडवळा वेगळा असेल, पण दोन्हींचा बोरू एकाच तऱ्हेने तासला जात होता. आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. मराठी शाळेतल्या पोरांनाही सांगत नाही.

मग मी भेंडी बाजारातून बरूची कलमं आणली. तयार कलमांचं टोक आठवड्यात बोथट होतं. मग तासायचं कशाने? विळीवर करून पाहिलं; टोक फुटलं. स्वयंपाकघरातला चाकू पात्याला जाड, तो बरू कापत नाही, चिरफाळतो. स्टेशनरीच्या दुकानातला कटर लवचीक, दाब दिला की पातं वाकतं आणि कधी तुकडा उडून डोळ्यापर्यंत येतो. पोरांच्या हातात तो द्यायची माझी हिंमत नव्हती.

त्याच सुमारास मटण स्ट्रीटवर, जुन्या कुलपांच्या आणि पितळी नळांच्या ढिगात, हा चाकू सापडला. पितळेचा पत्रा दुमडून केलेली चपटी मूठ, तिच्यावर चिनीसारखी अक्षरं ठोकलेली. ना स्प्रिंग, ना खटका, ना कुलूप. पात्याच्या मागच्या टोकाला उंदराच्या शेपटीएवढी एक पट्टी बाहेर आलेली. ती अंगठ्याने दाबली की पातं उघडतं आणि अंगठा तिच्यावर ठेवलेला असेपर्यंतच उघडं राहतं. अंगठा काढला तर मिटू शकतं. धार नाकासमोर सरळ, पातं तीन इंचांच्या आतबाहेर. दुकानदाराने बाराशे सांगितले. कुठला आहे म्हटलं तर म्हणाला, “बाजी, चायना होगा.” मोबाइलवर अक्षरांचा फोटो काढून वाचून घेतला तेव्हा कळलं, चीनचा नव्हे, जपानचा. नाव हिगोनोकामी.

घरी येऊन त्याच्याबद्दल वाचत गेले आणि गुंतत गेले. जपानच्या मिकी गावातल्या लोहारांनी 19व्या शतकाच्या अखेरीस हा चाकू घडवायला सुरुवात केली. नाव मोठं दरबारी, म्हणजे ‘हिगो प्रांताचे सुभेदार’. पण माल गरिबाच्या खिशाला परवडणारा. जपानी शाळकरी पोरांच्या खिशात तो असायचा. ती त्याने पेन्सिलीला टोक करत, बांबूची खेळणी कोरत. मग 12 ऑक्टोबर 1960 रोजी टोकियोतल्या भर सभेत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांचा एका 17 वर्षांच्या मुलाने भोसकून खून केला. त्याच्या हातात हिगोनोकामी नव्हता, जुनी आखूड तलवार होती. पण देश हादरला, ‘मुलांच्या हाती पातं नको’ अशी मोहीम उभी राहिली आणि पेन्सिलीचा चाकू शाळेतून हद्दपार झाला. त्याच्या जागी शार्पनर आलं. मिकीच्या लोहारांचा धंदा बसत गेला.

हे वाचताना मला उदयपूर आठवलं. 16 ऑगस्ट 2024 रोजी तिथल्या एका सरकारी शाळेतल्या दहावीच्या मुलाने वर्गमित्राला चाकू मारला. तीन दिवसांनी तो मुलगा गेला. एका आईची कूस रिकामी झाली. त्यापुढे बाकी सगळं दुय्यम आहे, हे मी मास्तरीण म्हणूनही मानते आणि आई म्हणूनही. पण दुसऱ्याच दिवशी, 17 तारखेला, मारणाऱ्या मुलाचं कुटुंब राहत होतं ते घर पाडलं गेलं. कारण सांगितलं अतिक्रमणाचं. ते घर त्यांचं नव्हतंच, ते तिथे भाड्याने राहत होते. चाकू एका पोराचा आणि छप्पर गेलं घरमालकाचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने बजावलं की कुणी आरोपी आहे म्हणून त्याचं घर पाडता येणार नाही आणि कुठलंही बांधकाम पाडण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागेल. राजस्थानच्या शिक्षण खात्याने मात्र त्या घटनेनंतर लगेच शाळेत चाकू, कात्रीसारखी धारदार वस्तू आणण्यावर बंदी घातली होती. जपानसारखंच. फरक एवढाच की जपानमध्ये मोहिमेनंतर चाकू गेला, आपल्याकडे चाकूबरोबर घरही गेलं.

घर तुटणं म्हणजे काय हे माहुलमध्ये राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही 2017 मध्ये तानसा पाइपलाइनच्या काठावरून इथे आलो. आमचं घर कुणाच्या गुन्ह्यापायी तुटलं नाही, पाण्याच्या नळाच्या सुरक्षेपायी तुटलं. पण भिंत पडतानाचा आवाज कारण विचारत नाही. इथली हवा माणसाला धोक्याची आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटलं होतं. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने इथल्या प्रकल्पग्रस्तांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना 15,000 रुपये भाडं द्यायला सांगितलं. कुणी गेले, कुणी राहिले. आम्ही राहिलो.

माहुलमध्ये धारेची भीती तशी कुणाला नाही. गावातल्या कोळणी पहाटे बसतात त्या कोयता पुढ्यात घेऊनच. बोंबील साफ करताना त्यांचा हात इतका भरभर चालतो की बघणाऱ्याने आपली बोटं मोजावीत. इथे भीती असलीच तर आगीची. रिफायनरीत कंत्राटी कामाला जाणारी आमच्या इमारतीतली माणसं काडेपेटी घरी ठेवून जातात; फाटकावर खिसे चाचपले जातात. एका शेजाऱ्याला चाकूचं सांगितलं तर तो म्हणाला, “टीचर, हमारे इधर छुरी से कोई नहीं डरता, माचिस से डरते हैं.”

पण पोरं माहुलच्या बाहेरही जाणार. बाहेर घडीचा चाकू आणि मुसलमान ही जोडी सिनेमाने आधीच लावून ठेवली आहे. रामपुरी हा उत्तर प्रदेशातल्या रामपूर संस्थानच्या कारागिरांचा माल. नवाबी आश्रयात वाढलेला, मुठीवर नक्षी असलेला. ‘वक्त’ (1965) मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग कुणाला आठवत नाही? त्यानंतरच्या काळात पडद्यावरच्या प्रत्येक मवाल्याच्या हातात रामपुरी आला. 1990 च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यावर तिथल्या सरकारने बंदी घातली आणि कारागीर देशोधडीला लागले. मार्च 2023 मध्ये त्याच रामपुरात ‘चाकू चौक’ झाला, 20 फूट लांबीचा चाकू उभारला गेला. कारागिरी चौकात उभी आणि कारागीर मात्र बेकार.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. शस्त्र कायदा 1959 चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, आणि घरकाम, शेती, उद्योगासाठीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. माझा चाकू त्याच्या एक तृतीयांश. म्हणजे घ्यायला हरकत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 37 खाली आयुक्त वेळोवेळी हुकूम काढतात, आणि ते कलम तलवार, भाला, चाकू यांच्याबरोबर काठीही सार्वजनिक ठिकाणी बाळगायला मनाई करू देतं. काठी घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी अडवत नाही, हे खरं. कुणाला अडवायचं हे कागदावर लिहिलेलं नसतं, समोरच्याच्या नजरेत असतं.

माझ्याच घरात याचे दोन पुरावे आहेत. जानेवारी 2013 मध्ये, दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, मुंबईत शिवसेनेने बायकांना स्वसंरक्षणासाठी छोटे चाकू वाटले होते. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीलाही मिळाला. ती तो पर्समधून काढून सगळ्यांना दाखवायची, सगळे कौतुक करायचे. आणि माझा धाकटा भाऊ एसी दुरुस्तीचं काम करतो. एका रात्री नाकाबंदीत त्याची पिशवी उघडली गेली आणि स्क्रू-ड्रायव्हर कशाला हवा हे समजावून सांगण्यात त्याचा अर्धा तास गेला. मी चाकूचं बोलले तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, “आपा, तू ले ले. तेरे पर्स में वो चाकू है. मेरी जेब में होगा तो हथियार हो जाएगा.”

आमच्या हेड मिसना विचारलं. बाई समजूतदार. मी काढलेला फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, “चाकू छान आहे. शिकवायची कल्पनाही चांगली आहे. पण उद्या एखाद्या पोराने वर्गात फोटो काढला, तर त्याखाली काय लिहिलं जाईल ते तू लिहिणार नाहीस.” यावर उत्तर नव्हतं.

तरी मन मानेना. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. पोराने हाताने काहीतरी घडवावं आणि त्या घडवण्यातून भाषा, गणित, समाज शिकावा, हा नई तालीमचा पाया. चरखा, सुतारकाम, शेती. म्हणजे टकळी, करवत, विळा. पोरांच्या हातात अवजार द्यायचा विचार याच महाराष्ट्राच्या मातीत एका मुसलमान शिक्षकाने कागदावर उतरवला. अवजार सोपवणं म्हणजे विश्वास सोपवणं. अवजार काढून घेतलं की मुलाला कळतं, याला आपला भरवसा नाही. आपल्या पोरांना हे कितीदा आणि किती जणांनी कळवायचं?

आणि दीनने तरी धारेपासून पळायला कुठे शिकवलंय? अदब शिकवली आहे. कुर्बानीची सुरी चांगली धारदार हवी, पण जनावराच्या नजरेसमोर तिला धार लावू नये. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्याची टोकं मुठीत धरावीत, कुणाला इजा होता कामा नये, अशी हदीस आहे. गर्दीत टोक आपल्या मुठीत. मला वाटतं, हिगोनोकामीचा अंगठाही तेच शिकवतो. त्याला कुलूप नाही. तो तुमच्या लक्षावर उघडा राहतो. लक्ष सुटलं तर इजा तुम्हालाच. रामपुरीच्या खटक्यात समोरच्याला घाबरवण्याची सोय आहे. यात ती नाहीच. पोराला धार शिकवायची तर याहून चांगला उस्ताद कुठला?

सहाव्या आठवड्यात मी जाऊन चाकू घेतला. सातशेला मिळाला. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो पिशवीच्या तळाशी, ओढणीखाली ठेवून मी बसने माहुलला आले, आणि वाटेत तीनदा पिशवी चाचपली. आधी दगडावर धार लावली. पहिली चार कलमं वाया गेली, पाचव्याला ‘टक्’ आवाज आला.

शाळेत तो नेला नाही. नेणारही नाही. हेड मिसचं म्हणणं मला पटलं. पोरांच्या भवितव्याशी खेळून मला माझा मुद्दा सिद्ध करायचा नाही. शाळेत जातात ती तासलेली कलमं. वर्गात आता दर शनिवारी खुशखतीचा तास होतो. तख्त्या नाहीत, जाड चकचकीत कागद आहे. दायरे गोल होऊ लागलेत. नुक्ते चौकोनी येऊ लागलेत. बोथट कलमं मी गोळा करून घरी आणते आणि रात्री तासते.

पण नुसतं लिहिणं शिकवून तासणं माझ्यापाशी ठेवायचं, हे मला अर्धंच वाटत होतं. आमच्याच वसाहतीत माझ्या वर्गातली सात पोरं राहतात, चार मुली, तीन मुलगे. रविवारी त्यांना घरी बोलवावं, आयांची परवानगी घेऊन, एकेकाला समोर बसवून अंगठा कुठे ठेवायचा ते शिकवावं, असं ठरवलं. घरोघर जाऊन विचारलं. मुलींच्या आया लगेच तयार झाल्या. एक तर म्हणाली, “टीचर, मेरी बेटी दो साल से मच्छी काटती है. कलम क्या चीज़ है?”

मुलांच्या तिन्ही आया नाही म्हणाल्या. तिघीही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांत, पण अर्थ एकच. एकीने माझा हात धरला. म्हणाली, “आप पे पूरा भरोसा है. लेकिन लड़के के हाथ में मत देना. उसको आदत ही नहीं होनी चाहिए.” मी वाद घातला नाही. तिने जे पाहिलंय ते मी पुस्तकातल्या पुराव्यांनी खोडून काढू शकत नव्हते.

म्हणून रविवारी चार मुली येतात. जमिनीवर जुनी चादर अंथरतो. चाकू एकच आहे, तेव्हा एक तासते आणि तिघी बघतात. बोट कापलं तर लावायला डेटॉल आणि कापूस जवळ असतो. आतापर्यंत दोनदा लागला. त्यातल्या एकीचा कत माझ्यापेक्षा साफ येतो.

तीन मुलांपैकी एकाचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर आहे. तो शनिवारी संध्याकाळी आपलं कलम घेऊन येतो, दाराशी उभा राहतो, आत येत नाही. आईने सांगितलंय. टोक जाड हवं की बारीक, एवढं तो सांगतो. मी तासून देते. तो प्रकाशात धरून बघतो, कधी म्हणतो, “टीचर, थोडा और तिरछा.” मी पुन्हा कत लावते.